पत्ता गुन्ह्यातच असतो

ऑफिसात तुमची जागा कुठे आहे हो? नाही नाही, व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ते नाही विचारत. टेबल कुठे आहे? खिडकीजवळ? वॉशरूमच्या वाटेवर? की थेट बॉसच्या काचेच्या केबिनसमोर, जिथे क्रिकेटचा स्कोअर बघायचा तर मान न वळवता नुसते डोळे फिरवावे लागतात? की कंपनीने ‘हॉट डेस्क’ची टूम काढल्यामुळे रोज सकाळी संगीत खुर्ची खेळावी लागते?

या विषयात पीएचडी करता येते असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. आणि ही पीएचडी करणारा माणूस पुढे लंडनच्या पोलिसांना नकाशावर बोट ठेवून सांगतो की तुमचा खुनी साधारण इथे राहत असणार, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बाई गं, वेब सीरिज जरा कमी बघ!

पण ही सीरिज नाहीये. हा एका खऱ्याखुऱ्या माणसाचा बायोडेटा आहे. नाव डेव्हिड कँटर. जन्म १९४४. शिक्षण लिव्हरपूल विद्यापीठात, विषय मानसशास्त्र. ‘हटके करिअर’ म्हटलं की आपल्याला वाइन टेस्टर आणि डॉग ट्रेनर आठवतात. त्या यादीत हे नाव घालून ठेवा. कारण ऑफिस, आग, फुटबॉलचं मैदान आणि सीरिअल किलर हे चार विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते आणि मजा म्हणजे त्यासाठी त्याने एकदाही लाइन बदलली नाही!

खिडकी लांब, ऊन जास्त

साठच्या दशकात युरोपात मोकळ्याढाकळ्या ऑफिसांची लाट आली होती. मूळ कल्पना जर्मनीतली. भिंती पाडा, टेबलं वाटेल तशी मांडा, मधूनमधून कुंड्या ठेवा, म्हणजे माणसं आणि कागद दोन्ही सुरळीत वाहतील. आज आपण ज्या हॉलमध्ये बसून एकमेकांचे फोन कॉल्स ऐकतो ना, त्याचं हे खापरपणजोबा.

कँटर तेव्हा लिव्हरपूलला संशोधन करत होते. ऑफिसची खोली केवढी आहे याचा आत काम करणाऱ्या माणसावर काय परिणाम होतो, हा त्यांचा पीएचडीचा विषय. त्याच विद्यापीठात एका मोठ्या काच कंपनीच्या पैशावर चालणारं पिल्किंग्टन रिसर्च युनिट होतं. तिथे ऑफिसच्या इमारतींचा आणि त्यातल्या माणसांचा अभ्यास चाले. १९६५च्या आसपास या युनिटने केलेला एक उद्योग मला फार आवडतो. त्यांनी कारकुनांना विचारलं, तुमच्या टेबलावर दिवसाचा उजेड किती पडतो? खिडकीपासून लांब बसणाऱ्यांनी जे अंदाज दिले ते खऱ्यापेक्षा बरेच जास्त निघाले. ट्यूबलाइटखाली बसलेली माणसं मनातल्या मनात उन्हात बसली होती!

हसू नका. आपणही तेच करतो. पण यातली खरी गोम लक्षात घ्या. इमारत एक असते आणि माणसाच्या डोक्यातली इमारत दुसरी असते. माणूस वागतो तो डोक्यातल्या इमारतीप्रमाणे. कँटर यांचं पुढचं सगळं करिअर या एका वाक्यावर उभं आहे म्हटलं तरी चालेल.

जागा म्हणजे काय रे भाऊ?

लिव्हरपूलहून ते ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात गेले. १९६९मध्ये तिथे वास्तुकला आणि मानसशास्त्र या दोन बिरादऱ्यांना एकत्र आणणारी परिषद भरली. त्यातल्या निबंधांचं पुस्तक कँटर यांनी १९७०मध्ये संपादित केलं. वय वर्षं सव्वीस! आपण त्या वयात अ‍ॅप्रायझलचा फॉर्म भरायला टाळाटाळ करत असतो. मग ते इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात आले. १९७३मध्ये तिथे पर्यावरण मानसशास्त्राचा एमएस्सी कोर्स सुरू झाला. इथे पर्यावरण म्हणजे झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा असं काही नाही. आपल्या भोवतीच्या भिंती, जिने, रस्ते, गर्दी, आवाज, हे सगळं त्यात आलं.

१९७७मध्ये त्यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ प्लेस’ हे पुस्तक आलं. त्याचा फंडा एकदम क्लिअर आहे. कुठलीही जागा तीन गोष्टींनी बनते. ती बांधलीय कशी, तिथे लोक करतात काय आणि लोकांच्या मनात तिच्याबद्दल समजूत काय आहे. आपल्या ऑफिसचा पँट्री घ्या. चार बाय सहाची खोली, एक चहाचं मशीन, एक मायक्रोवेव्ह. काम काय, तर चहा घेणे. पण कुणाच्या राजीनाम्याची बातमी आधी कुठे फुटते? पँट्रीत! कारण इथे खालच्या आवाजात बोलायचं असतं, ही समजूत सगळ्यांच्या डोक्यात आहे. ती कुठल्याही एचआर पॉलिसीत लिहिलेली नाही. लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभं राहायचं हेही कुणी आपल्याला शिकवलेलं नाही.

जागेचे असे अलिखित नियम असतात आणि आपण ते निमूटपणे पाळतो. किती निमूटपणे? इथून पुढे जरा सावरून बसा.

आग लागली तरी बिल भरूनच जाणार

सिनेमात आग लागली की काय होतं? किंकाळ्या, चेंगराचेंगरी, जो तो वेड्यासारखा पळतोय. कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या आगींतून वाचलेल्या माणसांकडून कोण कधी कुठे गेलं, कोणी काय केलं, याचा तपशील गोळा केला. १९८०मध्ये त्यांनी संपादित केलेलं ‘फायर्स अँड ह्यूमन बिहेव्हियर’ हे पुस्तक आलं. त्यातून दिसलेलं चित्र वेगळंच होतं. सुरुवातीची मोलाची मिनिटं माणसं घाबरून पळण्यात घालवत नाहीत, ती काहीही न करण्यात घालवतात. वास कसला येतोय हे बघायला उठतात. कुणीतरी सांगेल म्हणून थांबतात. वेटर वेटरसारखा वागत राहतो आणि गिऱ्हाईक गिऱ्हाइकासारखं. १९७९च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या वुलवर्थ्स स्टोअरला आग लागली. दहा माणसं गेली. तिथल्या रेस्टॉरंटमधल्या काही गिऱ्हाइकांना ताटातलं संपवल्याशिवाय, बिल दिल्याशिवाय उठवत नव्हतं, अशी नोंद आहे. रेस्टॉरंटचा नियमच तो ना! खा, बिल द्या, मग निघा.

१८ नोव्हेंबर १९८७. लंडनचं किंग्ज क्रॉस हे भुयारी स्टेशन. लाकडी सरकत्या जिन्याखाली पडलेल्या काडीने आग लागली आणि एकतीस जणांचा जीव गेला. कँटर आणि त्यांचे सहकारी इयन डोनाल्ड यांनी या आगीतल्या लोकांच्या हालचालींचा अभ्यास केला. पुन्हा तेच. मोठ्या संख्येने लोक आपल्या रोजच्या प्रवासाचा कार्यक्रम पुढे चालवत राहिले. नेहमीचा जिना, नेहमीचं फाटक, नेहमीची वाट. सहा-सातच्या लोकलमधून डोळे मिटून उतरणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पाय आपोआप जातात. त्या दिवशी ते आगीच्या दिशेने गेले, इतकंच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचे दोन दिवस प्रत्येक मॉलमध्ये दुसरा दरवाजा शोधत होते. तुम्हीही शोधा. फुकट आहे.

आता या सगळ्याचा खुन्याशी काय संबंध? संबंध असा की जीव जायची वेळ आली तरी माणूस ओळखीची वाट सोडत नाही. मग जीव घ्यायला निघालेला माणूस ती सोडत असेल का?

पाच वर्षांचे पारदर्शक कागद

१९८५मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी कँटर यांना जेवायला बोलावलं. वागणुकीचं तुमचं शास्त्र तपासात काही कामाला येईल का, असा एकूण विषय होता. कँटर यांनी तोवर एकाही गुन्ह्याच्या तपासात भाग घेतलेला नव्हता. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी पेपरात एक बातमी वाचली. १९८२पासून उत्तर लंडन आणि आसपासच्या भागात, बरेचदा रेल्वे स्टेशनांजवळ, बायकांवर बलात्कार होत होते. त्यांनी पेपरातल्या माहितीवरूनच एक तक्ता केला. कुठला हल्ला कधी, कुठे, हल्लेखोर एक की दोन. मास कॉमच्या पहिल्या वर्षाला आम्हाला ‘पाच डब्ल्यू आणि एक एच’ शिकवतात ना, अगदी तसंच. फक्त ‘का’ या प्रश्नावर उडी न मारता ते ‘कुठे’ आणि ‘कधी’वर अडून बसले.

१९८५च्या डिसेंबरपासून पुढच्या सहा महिन्यांत त्या भागात तिघींचे खून झाले. त्यातली एक नुकतंच लग्न झालेली, ऑफिसातून सुटून ट्रेनने घरी चाललेली. या पानावर मी सहसा इतकं गंभीर लिहीत नाही. पण त्या मुलीची बॅग, तिचा पास, घरी गेल्यावर काय स्वयंपाक करायचा हा तिच्या डोक्यातला विचार, हे सगळं आपलं रोजचं आहे. म्हणून ते बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही.

पोलिसांनी कँटर यांच्या मदतीला दोन अधिकारी दिले. त्यांनी प्रत्येक वर्षाचे हल्ले वेगवेगळ्या पारदर्शक कागदावर मांडले आणि ते कागद नकाशावर एकावर एक ठेवले. गुन्ह्यांचा पसारा वर्षागणिक बाहेर बाहेर जाताना दिसत होता. मग उलटं बघायचं. सगळ्यात आधीचे, १९८२चे हल्ले कुठे होते? त्या ठिपक्यांच्या मधल्या भागावर कँटर यांनी बोट ठेवलं. माणूस नवखा असताना, सावधपणा अंगी यायच्या आधी, कुठे वावरला असेल? जिथे त्याला गल्लीबोळ पाठ आहेत तिथे!

१९८६च्या उन्हाळ्यात त्यांनी पोलिसांना एक यादी दिली. तो या भागात राहत असावा. लग्न झालेलं असावं, मूल नसावं. हाताला कसब असलेलं काम करत असावा. रेल्वेची चांगली माहिती असावी. नोव्हेंबरमध्ये जॉन डफी पकडला गेला. किलबर्नमध्ये, म्हणजे कँटर यांनी दाखवलेल्या भागातच राहणारा, रेल्वेत काम केलेला सुतार. मूल नव्हतं आणि लग्न मोडलेलं होतं. १९८८मध्ये दोन खून आणि चार बलात्कारांसाठी त्याला जन्मठेप झाली. त्याचा साथीदार डेव्हिड मलकाही याला शिक्षा व्हायला मात्र २००१ साल उजाडलं.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. थांबा. डफीचं नाव पोलिसांना आधीच माहीत होतं. साधारण दोन हजार संशयितांच्या यादीत ते खाली कुठेतरी पडून होतं. कँटर यांनी खुनी शोधला नाही. दोन हजार नावांत आधी कुणाच्या घराबाहेर पाळत ठेवायची ते ठरवायला त्यांनी मदत केली. ऐकायला कमी वाटतं. पण पोलिसांकडे माणसं किती आणि रात्री किती, याचा हिशोब केला की ते कमी वाटत नाही.

माझं वर्तुळ, तुमचं वर्तुळ

एका केसवर शास्त्र उभं राहत नाही. १९९३मध्ये कँटर आणि पॉल लार्किन यांनी ब्रिटनमधल्या ४५ गुन्हेगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे अनोळखी स्त्रियांवर एकापेक्षा जास्त वेळा हल्ले केलेले. एकूण हल्ले २५१. पद्धत शाळेच्या कंपासपेटीतली. एका गुन्हेगाराचे सगळ्यात लांबचे दोन गुन्हे घ्या, त्यांच्यामधलं अंतर हा व्यास धरा आणि वर्तुळ काढा. त्याचं घर आत पडतं का? ८७ टक्के जणांच्या बाबतीत, पडलं!

म्हणजे दोन जाती झाल्या. घराला खुंटा मानून चारी दिशांना जाऊन येणारे आणि दुसऱ्या भागात जाऊन गुन्हा करणारे, आपल्या भाषेत अप-डाउनवाले. या अभ्यासात अप-डाउनवाले फारच थोडे होते. आणि हा पेपर छापला कुठे? ‘जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल सायकॉलॉजी’मध्ये. कँटर जिच्या संस्थापक संपादकांपैकी एक आहेत ती ही पत्रिका १९८१मध्ये सुरू झाली. ऑफिस, घरं, हॉस्पिटलं आणि शहरं यांच्याच पंगतीत बलात्काऱ्यांचा नकाशा बसला.

मला राहवलं नाही. मी फ्रीलान्सर. मला ऑफिस नाही, पंचिंग नाही, रोज कुठे जायचं ते मीच ठरवते. किंवा मला तसं वाटतं. गेल्या आठवड्यातली फोनवरची सगळी पेमेंट्स काढली आणि पुण्याच्या नकाशावर ठिपके दिले. चहा, झेरॉक्स, मेडिकल, दोन कॉफी शॉप, एक मुलाखत, एक बर्थडे. लांबचे दोन ठिपके बाणेर आणि कॅम्प. वर्तुळ काढलं आणि कोथरूडमधलं माझं घर बरोब्बर आत. मध्यावर नाही हां, कडेकडे सरकलेलं, पण आत. त्याहून गंमत म्हणजे खडकी. वर्तुळाच्या आत असून तिथे एकही ठिपका नाही. मी गेलेच नाही तिकडे, कित्येक महिन्यांत. माझ्या डोक्यातल्या पुण्यात खडकी नाहीच!

असं का होतं? कारण शहर आपण नकाशासारखं वापरत नाही. घर, काम, मित्र, आणि त्यांना जोडणारे ठरावीक रस्ते, एवढंच आपलं शहर. कँटर यांनी १९७५मध्येच एका सहकाऱ्याबरोबर शहरांतल्या अंतरांबद्दल लोकांचे अंदाज किती आणि कसे चुकतात यावर पेपर लिहिला होता. गुन्हेगारही त्याच डोक्यातल्या शहरात राहतो. त्याला संधी दिसते ती त्याच्या वाटेवर. पळायला गल्ली आठवते ती ओळखीचीच. घराच्या अगदी दाराशी तो सहसा काही करत नाही, तिथे ओळखला जाण्याची भीती. फार लांब जात नाही, तिथे हरवण्याची भीती. या दोन भीतींच्या मध्ये त्याचा पत्ता दडलेला असतो.

आता ‘अटी लागू’

जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत असतं ना, ते इथे मोठ्या अक्षरांत वाचा. हे वर्तुळ सगळ्यांना लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गुन्हेगारांवर १९९७मध्ये झालेल्या अभ्यासात आगी लावणाऱ्यांपैकी ८२ टक्के वर्तुळात सापडले, पण घरफोड्यांपैकी जेमतेम निम्मे, ४८ टक्के. बरोबरच आहे. घरफोड्या माल असेल तिथे जाणार. आणि ‘आत’ म्हणजे नक्की कुठे? दहा किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात लाखो माणसं राहतात. वर्तुळ म्हणजे अटक वॉरंट नव्हे.

मग आली सॉफ्टवेअर्स. कँटर यांच्या टीमचं ‘ड्रॅगनेट’, कॅनडाच्या किम रॉस्मो यांचंही एक. नकाशावर रंगीत पट्टे उमटतात, लाल भाग म्हणजे इथे आधी शोधा. भारी दिसतं. पण २००४मध्ये काही संशोधकांनी एक मजा केली. त्यांनी सामान्य लोकांना गुन्ह्यांचे नकाशे दिले आणि एकच सोपा नियम शिकवला. कुणाला वर्तुळाचा, कुणाला ‘बहुतेक गुन्हेगार गुन्ह्याच्या जागांच्या जवळ राहतात’ हा. तेवढ्यावर त्यांनी सरासरीने सॉफ्टवेअरच्या तोडीचे अंदाज बांधले! आपल्या ऑफिसात लाखभराचं डॅशबोर्ड घेऊन शेवटी एक्सेलवरच काम चालतं, त्यातलाच हा प्रकार.

राशिभविष्य आणि प्रोफाइल

टीव्हीवर मानसशास्त्रज्ञ येतो तो डोळे मिटून खुन्याच्या मनात शिरतो. आपल्याकडे दार तोडणारा दया असतो, तिकडे मनाचं दार उघडणारा प्रोफाइलर असतो. डफी केसनंतर कँटर यांना ही खुर्ची तयारच होती. पुस्तकही गाजलं. ‘क्रिमिनल शॅडोज’ला १९९४चा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला. पुढे टीव्ही मालिकाही झाली. पण त्यांनी सर्वांत जास्त शाई खर्च केली ती या खुर्चीचे पाय कापण्यात.

ब्रिटनमध्ये १९९५मध्ये पोलिसांनी घेतलेल्या अशा सल्ल्यांचा आढावा निघाला. १८४ प्रकरणं. त्यातल्या फक्त पाच प्रकरणांत सल्ल्यामुळे गुन्हेगाराची ओळख पटायला मदत झाली होती. तरीही बहुसंख्य अधिकारी म्हणत होते, सल्ला उपयोगी होता! असं कसं? उत्तर लिव्हरपूलच्या लॉरेन्स अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये शोधलं. त्यांनी एकच प्रोफाइल दोन गटांना दिलं. एका गटाला खऱ्या गुन्हेगाराचं वर्णन दाखवलं आणि दुसऱ्याला एका बनवलेल्या, साफ वेगळ्या माणसाचं. दोन्ही गटांना प्रोफाइल बऱ्यापैकी जुळतंय असं वाटलं. मासिकाच्या मागच्या पानावर ‘या आठवड्यात जवळच्या व्यक्तीशी मतभेद संभवतात’ वाचून आपण ‘अय्या, खरंच!’ म्हणतो ना? तेच. फरक इतकाच की राशिभविष्य चुकलं तर कुणी तुरुंगात जात नाही.

आणि एक माणूस गेला. जुलै १९९२, लंडनचं विम्बल्डन कॉमन हे मोकळं मैदान. लहान मुलासमोर त्याच्या आईचा खून झाला. एका मानसशास्त्रज्ञाच्या प्रोफाइलला जुळतो म्हणून पोलिसांनी एका माणसावर लक्ष केंद्रित केलं. एका महिला अधिकाऱ्याने वेषांतर करून त्याच्याशी मैत्रीचं नाटक केलं, कबुली मिळतेय का म्हणून. ती मिळाली नाहीच. तरी तो वर्षभराहून जास्त काळ कोठडीत राहिला. १९९४मध्ये न्यायाधीशांनी हा सगळा पुरावा फेटाळला आणि तो सुटला. खरा गुन्हेगार रॉबर्ट नॅपर, २००८मध्ये डीएनएच्या आधारे दोषी ठरला. चुकीच्या माणसाला सात लाख पाउंडांहून जास्त भरपाई मिळाली. पण तो माणूस कोठडीत होता तेव्हा, नोव्हेंबर १९९३मध्ये, नॅपर मोकळा होता. त्या महिन्यात त्याने एका आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला मारलं होतं. त्याची भरपाई कुणी आणि कशी करायची?

या केसमधला मानसशास्त्रज्ञ कँटर नव्हते, हे सांगायलाच हवं. ‘मला वाटतं’ आणि ‘माहितीवरून दिसतं’ यातला फरक ते आयुष्यभर का सांगत राहिले, ते मात्र इथे कळतं. अमेरिकेच्या एफबीआयने खुन्यांची ‘व्यवस्थित’ आणि ‘अव्यवस्थित’ अशी प्रसिद्ध विभागणी केली होती. कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये अमेरिकेतल्याच सीरिअल किलर्सच्या शंभर खुनांवर ती लावून पाहिली. तशा दोन वेगळ्या जाती सापडल्याच नाहीत. बहुतेकांत थोडं हे, थोडं ते. तुमच्या-माझ्या टेबलासारखं!

लाइन बदलली की नाही?

१९९४मध्ये कँटर लिव्हरपूलला परतले. तिथे त्यांनी ‘इन्व्हेस्टिगेटिव्ह सायकॉलॉजी’चं केंद्र काढलं. हे नावही त्यांनीच रूढ केलं. २००४मध्ये या विषयाची वेगळी पत्रिका सुरू केली. २००९पासून हडर्सफील्ड विद्यापीठात नवं केंद्र. २००६मध्ये त्यांच्या त्या पत्रिकेत एक निबंध आला, तो चक्क भारतातल्या सराईत घरफोड्यांवर! ते घरापासून कुठे आणि कसे जातात यावर. म्हणजे आपले चोरही आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पोचले.

लोक विचारतात, इमारतींचा माणूस गुन्ह्यांकडे कसा वळला? मला वाटतं प्रश्नच गडबडीचा आहे. तारखा बघा. डफी १९८६मध्ये पकडला गेला. त्यानंतर किंग्ज क्रॉसच्या आगीचा अभ्यास झाला. १९८९मध्ये फुटबॉलच्या मैदानांवर पुस्तक आलं, प्रेक्षक स्टेडियममध्ये कसे वागतात यावर. इमारती सुटल्याच नव्हत्या. प्रश्न तोच होता. ही जागा या माणसाच्या डोक्यात कशी आहे आणि म्हणून तो इथे काय करेल? ऑफिसातल्या कारकुनाला विचारला, आगीत अडकलेल्याला विचारला, मग खुन्यालाही विचारला. आपण दर दोन वर्षांनी ‘ग्रोथ नाही यार’ म्हणत जॉब बदलतो. या गृहस्थांनी प्रश्न न बदलता जॉब मोठा केला.

आणि तो ‘बाहेरचा’

शेवटचं थोडं माझ्या धंद्याबद्दल. काही वर्षांपूर्वी मी एका पेपरसाठी अशाच एका हल्ल्याची बातमी केली होती. मी लिहिलं होतं, आरोपी घटनास्थळापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. छापून आलं तेव्हा ती ओळ गायब होती आणि ‘विकृत नराधम’ हे शब्द वाढले होते. विचारलं तर उत्तर मिळालं, अगं, पत्ता कोण वाचतं?

पत्ताच वाचायला हवा होता. ‘विकृत’ म्हटलं की तो कुठल्या तरी दुसऱ्या ग्रहावरून आला असं वाटतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठल्याही गुन्ह्यानंतर पहिला मेसेज येतो तो ‘हे बाहेरचे लोक’ असाच. मग वॉचमनची चौकशी, डिलिव्हरीच्या पोराचं नाव रजिस्टरमध्ये, इस्त्रीवाल्याकडे संशयाने बघणं. आणि एनसीआरबीचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत की भारतात नोंद होणाऱ्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचाच असतो. उरलेल्या अनोळखींबद्दल कँटर यांचं वर्तुळ सांगतं, तोही बरेचदा याच रस्त्याने रोज जाणारा, इथल्याच टपरीवर चहा पिणारा असतो. वर्तुळ कुणाची भाषा विचारत नाही, गाव विचारत नाही. ते फक्त विचारतं, या गल्ल्या कुणाला पाठ आहेत?

या प्रश्नाचं उत्तर अस्वस्थ करणारं आहे. ‘आपल्याला’ असं ते उत्तर आहे.

तर मंडळी, या वीकेंडला एक काम करा. फोनमधून आठवड्याचे ठिपके काढा, लांबचे दोन जोडा, वर्तुळ काढा. तुमचं घर आत सापडेल, बहुतेक. मग आत असूनही कोरा राहिलेला भाग कुठला ते बघा आणि एकदा तिकडे जाऊन चहा पिऊन या. आणि सोमवारी ऑफिसात शिरताना आगीचा दरवाजा कुठे आहे ते बघून घ्या. नेहमीच्या वाटेवर तो नसेल. म्हणून तर बघायचा!